पट्टीवर नसलेली आडत

(रेडिओवरील भाषणाचं संपादित रूप)

मी तीस वर्षं इतिहास शिकवला, उल्हासनगरातल्या एका ज्युनियर कॉलेजात. घर अंबरनाथला, मूळ गाव मुरबाड तालुक्यात. इतिहासाच्या मास्तराला गावात फारसं कुणी विचारत नाही. पण परदेशी शिकायला जायचं म्हटलं की पालक न चुकता मास्तरकडे येतात. मास्तरला इंग्रजी येतं आणि मास्तर खोटं बोलणार नाही, असा त्यांचा समज असतो. त्यातल्या दुसऱ्या समजाबद्दलच मला आज बोलायचं आहे.

२००७ सालचा जून महिना. बारावीचा निकाल लागला होता, स्टाफरूममध्ये दाखल्यांसाठी गर्दी होती. एक गृहस्थ आले. कडक इस्त्रीचा शर्ट, कातडी बॅग, बोलण्यात सिंधी गोडवा. ऑस्ट्रेलियातल्या कॉलेजांसाठी ते मुलं पाठवत. त्यांना दोन गोष्टी हव्या होत्या. एक, पास झालेल्या मुलांची नावं, पत्ते आणि फोन. दुसरी, वर्गात एक तास ‘मार्गदर्शन’. मला त्यात वावगं काही दिसलं नाही. मुलांचं भलंच होईल, असं वाटलं. मी यादी दिली, वर्गही दिला. दिवाळीत ते पुन्हा आले. काजूकतलीचा डबा आणि वर एक पाकीट. पाकिटात तीन हजार रुपये होते. मी दोनदा नको म्हणालो, आपण म्हणतो तसं. तिसऱ्यांदा घेतलं.

त्या यादीतला एक मुलगा मेलबर्नला गेला, स्वयंपाकाचा डिप्लोमा करायला. त्याच्या वडिलांचा कॅम्प पाचमध्ये जीन्स शिवायचा गाळा होता. पैसे भरण्याआधी ते माझ्याकडे आले होते. “सर, आप बोलो, भेजूं क्या?” मी म्हणालो, भेजो. गाळा गहाण पडला. त्या दिवशी मी त्यांना यादीबद्दल सांगितलं नाही. पाकीट तेव्हा मिळालेलं नव्हतं हे खरं, पण दिवाळीत मिळाल्यावरही सांगितलं नाही.

ही गोष्ट मनात राहिली, आणि निवृत्तीनंतर मी एका जुन्या प्रश्नाच्या मागे लागलो. आपल्याकडून शिकायला म्हणून परदेशी जाणाऱ्या माणसाला पाठवणारा कोण असतो? आणि त्या पाठवणाऱ्याला पैसे कोण देतं?

हा प्रश्न मला सुचला तो माझ्या वडिलांमुळे. ते भाजी पिकवायचे. पहाटे कल्याणच्या बाजारात माल टाकायचे आणि दुपारी एक मळका कागद घेऊन घरी यायचे. त्याला पट्टी म्हणतात. मी शाळेत असताना ती पट्टी मोठ्यानं वाचून दाखवणं हे माझं काम होतं. वजन, भाव, मग हमाली, तोलाई आणि आडत. आडत म्हणजे आडत्याची दलाली. वडील त्या आकड्यावर रोज चिडत, पण तो आकडा कागदावर असे. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायची रीत त्यांच्या वडिलांनी पाहिली होती. शेतकरी शेजारी उभा आणि त्याच्याच मालाचा सौदा त्याला दिसत नाही! १९६३ च्या बाजार समिती कायद्यानं उघड लिलाव आणला. पुढे जुलै २०१६ मध्ये फळं-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असं सरकारनं ठरवलं, आणि राज्यभर केवढा वाद झाला ते आपल्याला आठवत असेल. दोन-चार टक्के कुणी द्यायचे यावरून बाजार बंद पडतात. आणि इथे एका मुलामागे लाख-सव्वालाखाची आडत सुटते, तिची पट्टी कुणी पाहिलेली नसते.

आता जरा मागे जाऊ. उल्हासनगरपासून कल्याण दोनच स्टेशनं, मध्ये विठ्ठलवाडी. कल्याणच्या जोश्यांची यमुना, म्हणजे पुढे डॉक्टर आनंदीबाई जोशी, ही आपल्या भागातली पहिली परदेशी विद्यार्थिनी म्हणायला हरकत नाही. तिची गोष्ट आपण नाटक-सिनेमात पाहिली आहे. पण त्यातल्या मध्यस्थाकडे आपलं लक्ष जात नाही.

गोपाळराव जोशी पोस्टात कारकून होते. बायकोला अमेरिकेत शिकवायचं त्यांच्या मनात होतं, पण ओळख कुणाची? कोल्हापुरात असताना त्यांनी मिशनऱ्यांमार्फत रॉयल वाइल्डर यांना लिहिलं. वाइल्डर कोल्हापुरात वर्षानुवर्षं काम करून अमेरिकेला परतले होते आणि प्रिन्स्टनहून एक मिशनरी मासिक चालवत होते. त्यांनी गोपाळरावांचं पत्र छापलं, पण सोबत आपला रोख दाखवूनच. ख्रिस्ताचा मार्ग धरलात तर बघू, असा त्याचा मतलब होता. त्यांना एका माणसामागे काय हवं होतं ते त्यांनी लपवलं नाही. ती त्यांची आडत होती, आणि ती छापील होती.

पुढचं सगळं योगायोगाचं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर बाई दातांच्या डॉक्टरकडे बसल्या होत्या. तिथे तो अंक त्यांच्या हाती पडला. त्यांनी थेट पत्र लिहिलं, आणि समुद्रापलीकडच्या या बाई आनंदीबाईंच्या मावशी झाल्या. मध्यस्थ गळून पडला. आनंदीबाईंनी दागिने विकले. जाण्याआधी फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूरच्या सभेत त्यांनी स्पष्ट सांगितलं की हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. मला हे भाषण नेहमी एखाद्या करारासारखं वाटतं. जो व्यवहार दुसऱ्या कुणाच्या मनात असेल तो मला मान्य नाही, असं तिनं सगळ्यांसमोर, वयाच्या अठराव्या वर्षी, नोंदवून ठेवलं. ७ एप्रिलला कलकत्त्याहून बोट सुटली, ४ जूनला न्यूयॉर्क आलं. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाच्या डीन रेचल बॉडली यांनी तिला घेतलं आणि मार्च १८८६ मध्ये ती डॉक्टर झाली. परत येऊन फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात वारली. बावीस वर्षंही पुरी नव्हती.

याच १८८३ सालाची दुसरी एक आठवण आहे. त्याच वर्षी आनंदीबाई ज्या कलकत्ता बंदरातून निघाल्या, त्याच बंदरातून हजारो गिरमिटिया मजूर मॉरिशस, त्रिनिदाद, फिजीकडे जात होते. त्यांना गावोगाव फिरून गोळा करणारे भरती करणारे दलाल होते. उत्तरेत त्यांना अर्काटी म्हणत. त्यांना डोक्यामागे पैसे मिळत, त्यामुळे पलीकडच्या मुलखाचं वर्णन ते सोन्याचं करत. फसवणुकीचा बोभाटा इतका झाला की सरकारला १८८३ चा स्थलांतर कायदा आणावा लागला. भरती करणाऱ्याला परवाना हवा, मजुराला अधिकाऱ्यासमोर उभं करून विचारायचं, की बाबा रे, कुठे चाललास, काय करारावर, तुला कळलंय का. हे कागदावरच जास्त राहिलं, हेही खरं. पण डोक्यामागे पैसे घेणाऱ्या माणसाचा शब्द जाणाऱ्याच्या हिताचा असेलच असं नाही, एवढं ब्रिटिश सरकारलासुद्धा तेव्हा कळलं होतं. ही भरती अखेर १९१७ मध्ये थांबली.

विद्यार्थ्याची गोष्ट मात्र निराळी मानली गेली. तो सुशिक्षित, त्याला काय कुणी फसवणार! हा समज आजतागायत टिकून आहे आणि माझ्या मते सगळ्या घोटाळ्याचं मूळ तिथे आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनला जाणारी मुलं वाढली. पाठवणारेही वाढले, आणि प्रत्येकाला काहीतरी हवं होतं. श्यामजी कृष्णवर्मा यांनी १९०५ च्या सुमारास शिष्यवृत्त्या जाहीर केल्या. त्यांचे सहकारी सरदारसिंह राणा यांनीही राणा प्रताप, शिवाजी वगैरे नावांनी दोन-दोन हजार रुपयांच्या दिल्या. अट एकच, सरकारी नोकरी करायची नाही. टिळकांच्या शिफारशीनं विनायक दामोदर सावरकर शिवाजी शिष्यवृत्ती घेऊन जून १९०६ मध्ये निघाले. अट मासिकात छापलेली होती. ज्याला पटेल त्यानं घ्यावी.

सरकारला ही पंचाईत झाली. इंग्लंडातल्या भारतीय विद्यार्थ्यांचं काय चाललं आहे हे पाहायला १९०७ मध्ये ली-वॉर्नर समिती नेमली गेली. तिचा अहवाल सरकारनं दाबून ठेवला. तो छापून आला तो १९२२ मध्ये, लिटन समितीच्या अहवालाला जोडून. मधल्या काळात १९०९ मध्ये विद्यार्थ्यांना माहिती देणारी एक कचेरी सुरू झाली. प्रमुख टी. डब्ल्यू. अर्नोल्ड. अलिगढ-लाहोरला शिकवलेला, मुलांविषयी आस्था असलेला माणूस. ही कचेरी राहण्याची जागा शोधून देई, कॉलेजांना शिफारस करी, पैसा घेत नसे. तरी मुलं तिच्याकडे जायला बिचकत. कर्झन वायलीचा खून झाला होता आणि सल्ल्याच्या नावाखाली आपल्यावर पाळत ठेवली जाते, असा मुलांचा संशय होता. फुकट सल्ला देणाऱ्या कचेरीवर मुलांनी विश्वास ठेवला नाही, कारण तिला चालवणारा दुसराच कुणी होता. ‘आमची सेवा मोफत’ ही पाटी दिसली की मला अजून क्रॉमवेल रोडवरची ती कचेरी आठवते.

आणि आता चोख व्यवहाराचं एक उदाहरण. जून १९१३ मध्ये भीमराव आंबेडकरांनी बडोदे संस्थानाशी करार केला. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, अमेरिकेत शिक्षण, आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी. अटी कडक होत्या. पुढे बडोद्यात त्यांना जी वागणूक मिळाली ती आपण जाणतोच, त्यामुळे सयाजीरावांच्या संस्थानाची ही गोष्ट काही गोड नाही. पण कोण काय देणार आणि बदल्यात काय मागणार, हे एका कागदावर होतं आणि त्याखाली विद्यार्थ्याची सही होती.

स्वातंत्र्यानंतर बरीच वर्षं मध्यस्थाला काही काम उरलं नाही. परदेशी चलन मोजून मिळायचं. जो जायचा तो शिष्यवृत्तीवर किंवा सरकारी योजनेतून, म्हणजे कोलंबो योजना वगैरे. आमच्या उल्हासनगरातून माणसं परदेशी जात होती, नाही असं नाही. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी कल्याण कॅम्पची ही वस्ती नव्या नावानं सुरू केली, तिच्यात फाळणीनं उखडलेली लाखभर सिंधी माणसं होती. हैदराबाद सिंधच्या सिंधवर्की पेढ्या फार आधीपासून आपली पोरं दोन-तीन वर्षांच्या लेखी करारावर हाँगकाँगपासून जिब्राल्टरपर्यंत पाठवत आल्या होत्या. करार कडक, पोरगा राबायचा, पण पाठवणारा आणि पगार देणारा एकच असे. लोक आमच्या गावाला ‘मेड इन यूएसए’ म्हणून चिडवतात, म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. नकली मालाचा तो विनोद मला कधीच फारसा आवडला नाही. पण पुढे खरोखर परदेशी शिक्षणाच्या नावाखाली नकली माल आमच्याच गल्लीत विकला गेला तेव्हा तो आठवला.

बदल झाला तो तिकडच्या देशांत. १९७९ मध्ये ब्रिटनच्या थॅचर सरकारनं ठरवलं, की परदेशी विद्यार्थ्यानं शिक्षणाचा पूर्ण खर्च द्यायचा. ऑस्ट्रेलियानं १९८० च्या दशकाच्या मध्यावर पूर्ण फी भरणारे परदेशी विद्यार्थी घ्यायला परवानगी दिली आणि १९९० पर्यंत सवलतीच्या जागा बंदच केल्या. या दोन निर्णयांचं महत्त्व आपल्याकडे कुणाला कळलं नाही, मलाही नाही. आतापर्यंत परदेशी विद्यार्थी हा पाहुणा होता. आता तो गिऱ्हाईक झाला. आणि गिऱ्हाईक म्हटलं की त्याला आणून देणारा आला. विद्यापीठं त्याला पहिल्या वर्षाच्या फीतून हिस्सा देऊ लागली, साधारण दहा टक्क्यांपासून वर. जितकी फी जास्त आणि जितकं कॉलेज गरजू, तितका टक्का वर.

आपल्याकडचं दारही नेमकं तेव्हाच उघडलं. २००१ मध्ये बँकांची शैक्षणिक कर्ज योजना आली, परदेशासाठी पंधरा लाखांपर्यंत. २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेनं माणशी वर्षाला २५,००० डॉलर सहज पाठवायची मुभा दिली. बदलापूरला डोंबिवली-ठाण्याहून आलेली मध्यमवर्गी कुटुंबं होती, फ्लॅटचे हप्ते भरणारी. त्यांना प्रथमच वाटलं की आपल्या मुलालाही जाता येईल. स्टेशनबाहेर झेरॉक्स आणि टायपिंगच्या दुकानांमध्ये ‘स्टडी ॲब्रॉड’च्या पाट्या लागल्या. कुणीही पाटी लावावी. केशकर्तनालयाला तेव्हा गुमास्ता परवाना लागायचा, तेवढाच याला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर अन्याय होईल. या धंद्यातले सगळे चोर नाहीत. ज्या बापाला फॉर्मवरचं इंग्रजी वाचता येत नाही, त्याच्यासाठी चांगला एजंट हा आधारच असतो. व्हिसाचे कागद, बँकेचं पत्र, पहिल्या रात्री राहायची सोय, हे सगळं तो करतो आणि त्याचे पैसे त्यानं घेतले पाहिजेत. माझी तक्रार पैशाबद्दल नाही. तीन कॉलेजांची यादी पुढे ठेवताना कुठलं पहिलं ठेवायचं हे टक्क्यावर ठरतं, आणि बापाला वाटतं ते मुलाच्या मार्कांवर ठरलं. बस्स, एवढीच माझी तक्रार आहे.

आणि कायदा? कायद्याची गंमत अशी. १८८३ नंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९८३ मध्ये आपण नवा स्थलांतर कायदा केला. आखातात गवंडी, सुतार पाठवणाऱ्या एजंटाला नोंदणी सक्तीची झाली. तो कामगाराकडून किती रक्कम घेऊ शकतो यावर मर्यादा आली. ती एके काळी २०,००० रुपये होती, पुढे ३०,००० झाली. पण हा कायदा नोकरीसाठी जाणाऱ्यांचा. शिकायला जाणारा त्याच्या व्याख्येतच बसत नाही. म्हणजे अंबरनाथच्या कारखान्यातला वेल्डर दुबईला निघाला तर त्याला पाठवणाऱ्याकडे सरकारी नोंदणी हवी. त्याच वेल्डरचा मुलगा पंधरा लाखांचं कर्ज काढून मेलबर्नला निघाला तर पाठवणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. पंजाबनं २०१२ मध्ये स्वतःचा कायदा केला, त्यात शिक्षणाचे सल्लागारही परवान्याखाली आणले. तिथेही फसवणूक थांबली नाही. २०२३ मध्ये कॅनडात शेकडो भारतीय मुलांची प्रवेशपत्रं बनावट असल्याचं प्रकरण गाजलं आणि जालंधरच्या एका एजंटाला पुढच्या वर्षी तिकडच्या कोर्टानं तुरुंगात पाठवलं.

अमेरिकेची गोष्ट तर मला दोनदा वाचावी लागली. तिथल्या १९९२ च्या कायद्यानं विद्यार्थी भरतीबद्दल डोक्यामागे दलाली देण्यावर बंदी घातली. कारण स्वच्छ होतं. डोक्यामागे पैसे दिले की भरती करणारा कुणालाही आत ढकलतो आणि सरकारी कर्ज बुडतं. पण त्याच कलमात एक अपवाद आहे. परदेशात राहणारा आणि सरकारी मदतीला पात्र नसलेला परदेशी विद्यार्थी असेल, तर दलाली चालेल. स्वतःच्या पोरांसाठी जे वाईट, ते आमच्या पोरांसाठी चालतं! तिथल्या प्रवेश समुपदेशकांच्या संघटनेत या विषयावर दोन वर्षं खल झाला आणि २०१३ मध्ये त्यांनी आपला नियम सैल केला.

मेलबर्नला गेलेल्या माझ्या विद्यार्थ्याकडे परत येतो. तिकडे त्या काळी स्वयंपाक आणि केशरचना शिकलेल्यांना कायम राहायचा परवाना मिळणं सोपं होतं, म्हणून अशी कॉलेजं पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवली. एजंट वर्गात येऊन शिक्षण विकत नव्हता, परवाना विकत होता. माझ्या वर्गात मी मागच्या बाकावर बसून ऐकलं होतं आणि मान डोलावली होती. २००९ मध्ये सिडनी-मेलबर्नमधल्या एकामागून एक खासगी कॉलेजांना टाळी लागली. त्याच वर्षी भारतीय मुलांवर हल्ले झाले, आपल्या वर्तमानपत्रांत सगळं तेच. कॉलेजं बंद पडल्याची बातमी आतल्या पानावर. याचं कॉलेजही बंद पडलं. दुसरीकडे जागा मिळाली, पण वर्ष गेलं. ८ फेब्रुवारी २०१० ला ऑस्ट्रेलिया सरकारनं त्या धंद्यांची जुनी यादीच रद्द केली आणि परवान्याचा रस्ता अरुंद झाला. तो रात्री टॅक्सी चालवत होता. २०११ मध्ये परत आला.

ऑस्ट्रेलियानं त्यातून धडा घेतला, हे कबूल केलं पाहिजे. एजंटाशी लेखी करार असलाच पाहिजे आणि अप्रामाणिक एजंटाकडून मुलं घ्यायची नाहीत, हे त्यांच्या २००७ च्या नियमावलीत होतंच. २०१० च्या बेअर्ड अहवालानंतर पकड घट्ट झाली. २०१२ मध्ये ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, आयर्लंड आणि न्यूझीलंड या चार देशांनी लंडनमध्ये एजंटांसाठी सात तत्त्वं जाहीर केली. खरी माहिती द्या, व्यवहार लेखी आणि पारदर्शक ठेवा, वगैरे. चांगली आहेत. मोडली तर काय, ते त्यात नाही. ब्रिटननं मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत पुढचं पाऊल टाकायचं ठरवलं. एजंट वापरणाऱ्या विद्यापीठांनी एजंटांच्या दर्जाच्या चौकटीत सामील व्हायलाच हवं, असं. लक्षात घ्या, हे सगळे नियम पलीकडच्या तीरावरचे आहेत. त्यांना त्यांच्या व्हिसाची आणि नावाची काळजी. इकडच्या तीरावर गाळा गहाण ठेवणाऱ्या बापाची काळजी त्यांनी का करावी?

वैद्यकीय शिक्षणाचं तेच. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं तेव्हा तिथे वीस हजारांच्या आसपास भारतीय होते, बहुतेक वैद्यकीयचे विद्यार्थी. रशियाकडून येणाऱ्या डॉक्टरांसाठीची चाळणी परीक्षा २००२ पासून आहे, ती बहुतेकांना पहिल्या फटक्यात सुटत नाही. २०२१ मध्ये नवे नियम आले, ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम हवा, इंग्रजीतूनच हवा. पण हे नियम परत आलेल्या मुलाला लागू होतात. त्याला पाठवणाऱ्याला नाही.

तो मुलगा मला भेटला नेहरू चौकात, २०१२ च्या सुमारास. वडिलांच्या गाळ्यावर बसू लागला होता. चहा प्यायलो. बराच वेळ क्रिकेटवर बोलला, मग सहज विचारावं तसं विचारलं, “सर, माझ्यामागे तुम्हाला किती मिळाले?” त्याला कसं कळलं ते मी विचारलं नाही. म्हणालो, तीन हजार, पण एकट्या तुझ्यामागे नाही, सगळ्या यादीचे. तो हसला. बोटांवर हिशेब केला आणि म्हणाला, “त्याला एकट्या माझ्यामागे लाखभर मिळाले असतील. सर, तुम्हाला फारच कमी दिलं.” चहाचे पैसे त्यानं देऊ दिले नाहीत. वडिलांना नमस्कार सांग म्हटलं तर म्हणाला, सांगतो. त्यानं ते सांगितलं की नाही, मला माहीत नाही. ते पुन्हा माझ्याकडे आले नाहीत.

मागच्या वर्षी बदलापूरहून माझ्या बहिणीची नात आली. बी.एस्सी. झालेली. “आबा, कल्याणला एका कन्सल्टंटकडे जायचंय, चला माझ्याबरोबर.” गेलो. एसी ऑफिस, भिंतीवर घड्याळं, लंडनची वेळ, सिडनीची वेळ. तरुण मुलगा होता, बोलायला चांगला. त्यानं तीन विद्यापीठं काढून दाखवली. मी विचारलं, “यांच्याकडून तुम्हाला किती टक्के मिळतात?” तो म्हणाला, “सर, आमची सेवा विद्यार्थ्यांसाठी पूर्ण फ्री आहे.” मी त्याला पट्टीबद्दल सांगितलं. हमाली, तोलाई, आडत. तो ऐकत राहिला. त्याचेही आजोबा शहापूरकडचे शेतकरी निघाले. मग आवाज खाली करून म्हणाला, पहिल्याकडून वीस, बाकी दोघांकडून बारा.

नात म्हणाली, “मग पहिलं नाव पहिलं कशामुळे?”

तो काही बोलला नाही. ती म्हणाली, हे आकडे मला लेटरहेडवर लिहून द्या. त्याला हेड ऑफिसला विचारावं लागणार होतं. आम्ही साडेपाचची कर्जत गाडी पकडली. विठ्ठलवाडी जाईपर्यंत ती मोबाईलवर काहीतरी टाइप करत होती. उल्हासनगरला तिनं मला वाचून दाखवलं. यादीतल्या तिसऱ्या विद्यापीठाला तिनं थेट लिहिलं होतं, की मी एजंटाशिवाय अर्ज केला तर तुम्ही वाचवलेल्या बारा टक्क्यांतले किती मला फीत सोडाल? मी म्हटलं, असं विचारतात का कुणी. ती म्हणाली, का नाही?

त्यांचं उत्तर अकरा दिवसांनी आलं. टक्क्यांबद्दल त्यात एक शब्द नव्हता. पण शिष्यवृत्तीचा एक फॉर्म जोडलेला होता, जो कल्याणच्या ऑफिसात आम्हाला कुणी दाखवला नव्हता. तो आम्ही दोघांनी मिळून भरला.